नव्वद दिवसांची ताई

ताई ओसाकाला आली ती पाहुणी म्हणून. विमान एकच, ओळीतल्या तीन सीटा आमच्याच, पण उतरल्यावर रांगा वेगळ्या निघाल्या. आईच्या आणि माझ्या पासपोर्टवर बाबांचं कुटुंब म्हणून राहायचा व्हिसा होता. खिडकीतल्या माणसाने आम्हाला तिथल्या तिथे फोटोवालं कार्ड छापून दिलं, दोन्ही हातांनी, प्रसाद दिल्यासारखं. ताईच्या पासपोर्टमध्ये नव्वद दिवसांचा एक स्टिकर चिकटवला. ती तेव्हा सतरा वर्षांची होती आणि मी बारा. बॅगा येईपर्यंत तिने माझं कार्ड उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाली, "मने, पाकीटमार दिसतेस गं यात." मी खी खी करून हसले. नव्वद दिवस म्हणजे तीन महिने, आणि तीन महिन्यांत आपली मोठी माणसं तिचंही कार्ड काढतील, असं मी धरूनच चालले होते. बारा वर्षांच्या मुलीला मोठ्या माणसांबद्दल फारच आदर असतो.

बाबा सहा महिने आधी एकटे आले होते. धान्यातल्या स्टार्चवर त्यांचं संशोधन. इथल्या विद्यापीठात तीन वर्षांची नेमणूक मिळाली होती, आणि शाळेचं वर्ष संपलं की आम्ही तिघी मागून येणार असं ठरलं होतं. त्यांनी घेतलेलं घर म्हणजे दोन खोल्या आणि दोघी उभ्या राहिल्या की भरून जाणारं स्वयंपाकघर. आतल्या खोलीत तातामी, म्हणजे गवताच्या जाड चटया, त्यांना ओल्या कडब्याचा वास. आई आत आली, चपला काढल्या, भिंतीला हात लावून बघितला आणि म्हणाली, "खिडक्या किती मोठ्या आहेत हो." बाबांना वाटलं कौतुक चाललंय. ते लगेच पडदे सारून दाखवायला लागले, इकडून मोनोरेल दिसते, तिकडून डोंगर दिसतो. ताईने आणि मी एकमेकींकडे बघितलं. आई काय म्हणत होती ते आम्हाला दोघींनाच कळलं होतं. सुदानमधल्या खार्टूमच्या घरात शेवटचे नऊ दिवस आम्ही जिथे काढले त्या न्हाणीघराला एकही खिडकी नव्हती, म्हणून तर आम्ही तिथे होतो.

खार्टूमला आम्ही आठ वर्षं राहिलो. बाबा एका पिठाच्या गिरणीच्या प्रयोगशाळेत होते. तिथे ज्वारी भरपूर, आणि आईच्या भाकरीचं आमच्या गल्लीत मोठं नाव. शेजारच्या बायका बघायला यायच्या की ही बाई नुसत्या हाताने थापून एवढी गोल कशी करते. लढाई सुरू झाली तेव्हा बाबा जपानात पोचून काही महिने झाले होते, आणि घरात आम्ही तिघीच. पहिल्या दोन दिवसांत गच्चीवरची टाकी फुटली, तिसऱ्या दिवशी वीज गेली. पाणी आणायला खाली कोण जाणार? आई निघाली की ताई तिला मागे ओढायची, "तू थांब, मनी तुझ्याशिवाय गप्प बसत नाही." आणि स्वतः बादली घेऊन जायची. ती परत येईपर्यंत आई न्हाणीघराच्या दारात उभी राहून जिने मोजायची, मोठ्याने, एक मजला, दोन मजले. मला तो आकड्यांचा आवाज अजून ऐकू येतो. पुढे बसने बंदरापर्यंत, तिथून जहाजाने जेद्दा, तिथून मुंबई आणि पुण्यात काकांचं घर. बसच्या त्या सगळ्या वाटेवर मी, चांगली घोडी झालेली मुलगी, ताईच्या मांडीवर बसून आले. तिचे पाय सुजून भोपळ्यासारखे झाले होते. एका शब्दाने बोलली नाही.

आता सांगायलाच हवं. ताई माझी सख्खी बहीण नव्हे. आईची थोरली बहीण, मंदामावशी, ताई दीड वर्षाची असताना वारली. वर्षाच्या आत मावशीच्या यजमानांनी, म्हणजे आमच्या सोलापूरच्या अण्णांनी, दुसरं लग्न केलं. आईचं तेव्हा नुकतंच लग्न झालेलं. तिने पोर उचलली आणि घरी आणली, इतकं ते साधं. बाबा तेव्हा एकदा म्हणाले होते, दत्तकविधान करून घेऊ, रजिस्ट्रारकडे जाऊन कागद करू. तर माझे आजोबा, आईचे वडील, तट्दिशी म्हणाले, "घरच्या घरात कसला कागद? बहिणीची पोर ती. चार लोकांना बोलावून सांगायचं का, की ही आमची नव्हती म्हणून आता आमची करतोय?" सगळ्यांना पटलं. कागद करणं म्हणजे पोरीला आधी परकी म्हणणं, असं आमच्याकडे सगळ्यांनाच वाटत होतं. ताईच्या जन्मदाखल्यावर, पासपोर्टवर मंदामावशीचं आणि अण्णांचं नाव राहिलं, आणि घरात ती आईला आई म्हणत मोठी झाली. खार्टूमच्या कचेरीत कुणी फारसं विचारलं नाही. एक माणूस, एक बाई, दोन मुली, मारला शिक्का.

मला हे माहीत नव्हतं असंही नाही. मावशीच्या तिथीला पहिलं ताट ताईला वाढायचे, आणि का वाढतात ते मला ठाऊक होतं. पण आपल्या घराच्या दाराचा रंग ठाऊक असतो तसं, कधी विचार न करता. विचार करायची वेळ आली ती पुण्यात काकांच्या डायनिंग टेबलावर. जपानचा कुटुंबाचा व्हिसा नवरा, बायको आणि त्यांची मुलं यांनाच. ताईसाठी नातेवाइकाच्या भेटीचा, थोड्या दिवसांचा, एवढाच रस्ता होता. बाबा व्हिडिओ कॉलवर रकान्यामागून रकाना सांगत होते आणि आई लिहीत होती. 'नातं' हा रकाना आला. बाबा म्हणाले, "लिही, भाची." आईने पेन खाली ठेवलं, स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायली, परत आली आणि लिहिलं. तिचं अक्षर एरवी मोत्यासारखं. तो एक शब्द गिचमिड आलाय. ताई शेजारीच बसली होती, म्हणाली, "अगं, नीट लिही, वाचता नाही आलं तर परत पाठवतील." इतकी समजूतदार पोर. आज मला तिच्या त्या समजूतदारपणाचा राग येतो. आदळआपट करायला हवी होती तिने.

तर ओसाका. बाबांचा बेत असा होता की ताईला आधी पाहुणी म्हणून आणायचं आणि इथे आल्यावर अर्ज करायचा, की ही मुलगी लहानपणापासून आमच्याकडेच वाढली, लढाईतून आमच्याबरोबरच सुटून आली, तिला आमच्याजवळ राहू द्या. विद्यापीठात परदेशी संशोधकांची कामं बघणाऱ्या ओकादा-सान म्हणून पन्नाशीच्या बाई होत्या. त्यांनी स्पष्ट सांगितलं, "अवघड आहे. पण अर्ज करता येतो." जपानी माणसाने 'अवघड आहे' म्हटलं की त्याचा अर्थ 'नाही' असा होतो, हे आम्हाला पुढे कित्येक वर्षांनी समजलं. तेव्हा आम्ही 'करता येतो' एवढंच ऐकलं.

घर ताईनेच लावलं. कचऱ्याचं इथलं शास्त्र आईच्या डोक्यावरून जायचं, जळणारा कुठल्या वारी, प्लास्टिक कुठल्या वारी, बाटल्यांची टोपणं वेगळी. ताईने दोन दिवसांत फ्रिजवर चित्रांचा तक्ता काढून लावला. ज्वारीचं पीठ काही मिळेना. ताईने तांदळाचं पीठ आणि गव्हाचं पीठ यांचे नाना प्रयोग केले. एकदा तर बाबांच्या प्रयोगशाळेतला स्टार्च मागितला, तेव्हा बाबा कित्येक दिवसांनी खो खो हसले. भाकरी काही होईना. मग त्या पिठाची थालीपीठं व्हायची, कांदा आणि मिरची घालून, आणि आम्ही ती नुसत्या दह्याशी खायचो. ती चव मला आजही जशीच्या तशी आठवते, आणि करून बघितली तर येत नाही.

पाण्याचं मात्र तिचं वेड काही जाईना. घरातलं प्रत्येक भांडं भरलेलं. बाटल्या, पातेली, तांब्या, रात्रीच्या जेवणाआधी टबसुद्धा गळ्यापर्यंत. खालच्या मजल्यावरच्या आजीबाईंना एकदा ते दिसलं, तर त्या मान डोलावून कौतुक करून गेल्या. त्यांना वाटलं, काय शहाणी मुलगी, भूकंपाची तयारी ठेवते. संध्याकाळी पाच वाजता शाळेच्या आवारातल्या कर्ण्यावरून एक सूर वाजायचा, मुलांनी आता घरी जावं म्हणून. पहिल्या दिवशी तो वाजला तेव्हा ताईने मला मानेला धरून न्हाणीघरात ढकललं आणि दार लावून घेतलं. आई बाहेरून दार वाजवत होती, "अगं, गाणं आहे ते, नुसतं गाणं!" ताई बाहेर आली, स्वतःच्या कपाळावर हात मारून हसली. पण रोज पाच वाजायला आले की ती आईच्या जवळपास येऊन उभी राहायची. काही काम असल्यासारखं दाखवून, फडकं घेऊन, नाहीतर कोथिंबीर निवडत. अर्ज फसला तर अशा पोरीला एकटीला परत पाठवायचं होतं.

अर्जाला काय काय जोडायचं याची ओकादा-सानने यादी दिली होती, आणि त्यात एक पत्र सोलापूरहून हवं होतं. अण्णांनी लिहून द्यायचं, की मी मुलीचा सांभाळ करू शकत नाही. बाबांनी फोन केला. अण्णा आधी गोड बोलले, मग त्यांचा आवाज चढला. "म्हणजे मी हातपाय गाळून बसलोय असं सरकारला लिहून देऊ? माझं घर आहे, दुकान आहे. पोरीला माझं दार कधी बंद होतं?" पंधरा वर्षांत एकदाही त्यांनी ते दार उघडून बघितलं नव्हतं, पण पत्र काही त्यांनी दिलं नाही. एवढंच लिहून पाठवलं की मुलगी केव्हाही येऊ शकते. बाबा डोक्याला हात लावून बसले.

मग रविवारी दुपारी बाबांनी पुण्याच्या आपल्या वकील मित्राला फोन लावला. स्पीकरवर. दत्तक आत्ता घेता येईल का? मी शेजारी बसून मोनोरेलची चित्रं काढत होते. वकीलकाका म्हणाले, "अरे, आपल्या हिंदू कायद्याने साध्या कागदावर झालं असतं, पण पंधरा वर्षांच्या आत. आणि दुसरं म्हणजे, स्वतःची मुलगी हयात असताना मुलगी दत्तक घेता येत नाही. धाकटी व्हायच्या आधी केलं असतंत ना, एका दिवसाचं काम होतं. आता दुसऱ्या कायद्याने कोर्टातून जायचं म्हटलं तर वर्ष जाईल, आणि पोरगी चार महिन्यांत अठरा पूर्ण करतेय." बाबांनी चटकन स्पीकर बंद केला. पण ऐकायचं ते मी ऐकलं होतं. मी जन्मले, आणि ताईची वाट बंद झाली. त्या दिवशी मी ताईच्या समोर जेवायला बसू शकले नाही. ती ताट घेऊन आत आली, माझ्या शेजारी तातामीवर बसली आणि म्हणाली, "मने, येडी आहेस का? तू झालीस तेव्हा पेढे मी वाटलेत." मी तिच्या कुशीत तोंड खुपसून ओक्साबोक्शी रडले. मी आता तेव्हाच्या आईपेक्षाही कितीतरी मोठी झालेय, घरात सून येईल इतकी, पण तो कायदा अजून डोक्यातून जात नाही. माणसाने आपल्या जन्माची माफी कुणाकडे मागायची?

मुलाखतीचं बोलावणं आलं ते साठाव्या दिवसाच्या आसपास. आदल्या दिवशी ओकादा-सान घरी आल्या, आमच्याकडची थालीपीठं काट्याने खाल्ली, आणि जाताना दारात उभ्या राहून इंग्रजीत एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "कागदावर जे लिहिलंय तेच बोला. कागद एक आणि बोलणं दुसरं, असं झालं की विश्वास जातो. एकाचा गेला की सगळ्यांचा जातो." आईने ते वाक्य देवाच्या पोथीसारखं पाठ केलं. रात्रभर तिचं पुटपुटणं चाललं असावं, कारण सकाळी चहा करतानाही चालू होतं. तिला भलतीच भीती बसली होती. आपल्या तोंडून वेडंवाकडं काही गेलं, तर ताईचं तर जाईलच, पण माझंही कार्ड काढून घेतील, बाबांची नोकरी जाईल, आणि आपण परत बॅगा घेऊन कुठल्यातरी बंदरावर उभ्या. एकदा बंदरावर उभं राहिलेल्या बाईची भीती ती. तिला हसायचा अधिकार कुणालाही नाही.

व्हिसाची कचेरी बंदराच्या बाजूला होती. चकचकीत, शांत, नंबर पुकारणारी. छोट्याशा खोलीत आम्ही चौघं आणि ओकादा-सान एका बाजूला, समोर चष्मा लावलेल्या एक अधिकारी बाई. अगदी मऊ बोलायच्या. त्यांच्यापुढे बाबांनी लिहिलेलं पाच पानांचं पत्र होतं, त्यात खुणेच्या पिवळ्या चिठ्ठ्या लावलेल्या; म्हणजे नीट वाचलं होतं. आमचे फोटो होते, खार्टूमच्या शाळेची प्रगतिपुस्तकं होती, ज्यांच्यावर पालक म्हणून आईची सही होती. बाई ताईला सोप्या इंग्रजीत एकेक विचारत होत्या. शाळा कुठली, काय शिकायचंय, पुण्यात कोण आहे. ताई छान उत्तरं देत होती. मग त्यांनी पेन खाली ठेवलं, आईकडे हात केला, बोट नव्हे, सगळा तळवा, आणि विचारलं, "या तुमच्या कोण?"

ताई म्हणाली, "माय मदर."

ती काही ठरवून बोलली नाही. पंधरा वर्षं जे तोंडात बसलं होतं ते आलं. बाईंनी कागदाकडे बघितलं. नुसतं बघितलं, आणि तेवढ्यात आई खुर्चीतून अर्धी उठली. "नो मॅडम! नॉट मदर, नॉट मदर. आंट. आय ॲम आंट ओन्ली. प्लीज राइट आंट." तिचा आवाज इतका मोठा झाला की काचेपलीकडच्या माणसाने मान वर केली. मग ताईकडे वळून ती मराठीत म्हणाली, "काय बोलतेस तू? मावशी म्हण. सांग त्यांना, मावशी आहे म्हणून."

ताईने आईकडे बघितलं. त्या बघण्यात राग असता तर बरं झालं असतं. मग ती समोर वळली आणि म्हणाली, "यस मॅडम. शी इज माय आंट. सॉरी फॉर मिस्टेक."

बाईंनी ते लिहून घेतलं. आणखी दोन प्रश्न विचारले, आभार मानले, उठून वाकल्या. संपलं. गाडीत आई मध्येच बाबांना म्हणाली, "नीट सांगितलं ना हो मी? कागदाप्रमाणेच सांगितलं ना?" बाबा म्हणाले, "हो." ओकादा-सान खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या.

त्या दिवसापासून ताईने आईला हाक मारणं सोडलं. भांडण नाही, अबोला नाही, बरं का. सगळं नेहमीसारखं चालू. "मीठ संपलंय." "ही साडी वाळली." "मनीला ताप वाटतोय, बघतेस का?" फक्त वाक्याच्या आधी जो शब्द असायचा तो गेला. आई म्हणाली नाही आणि मावशीही म्हणाली नाही. मला कळायला तीन-चार दिवस लागले. आईला पहिल्याच दिवशी कळलं असणार, कारण ती घरात काहीतरी शोधत असल्यासारखी फिरायला लागली. ताई दुसऱ्या खोलीत नुसती खोकली तरी ही हातातलं टाकून दाराशी. "हाक मारलीस का गं?" "नाही." "मला वाटलं मारलीस." दिवसातून दहादा. एकदा मी चिडून म्हणाले, "आई, नाही मारली तिने!" तर आई माझ्यावरच उखडली, "तुला काय कळतंय? पाण्याचा आवाज होता, तुला ऐकू नसेल आलं." संध्याकाळी पाच वाजता ताई आता बाबांच्या टेबलाशी उभी राहायची. बाबा नसले तरी.

आईने एकदा बोलायचा प्रयत्न केला, मी ऐकलाय. दोघी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. आई म्हणाली, "तुझ्यासाठीच केलं गं मी. खोटं बोललो असं वाटलं असतं त्यांना." ताई म्हणाली, "माहितीय मला. बरोबरच होतं ते." आणि टॉवेलची घडी मोडून परत घातली. आईने पुढचा कपडा उचलला.

निकाल एका पाकिटातून आला, जपानीत, पानभर. ओकादा-सानने वाचून सांगितला. मुलीचे जन्मदाते वडील भारतात आहेत आणि ते तिला घ्यायला तयार आहेत, मुलगी सज्ञान व्हायला आली आहे, तेव्हा राहू देण्याइतकी विशेष परिस्थिती दिसत नाही. आई म्हणाली, "पण मी खरं सांगितलं होतं ना?" ओकादा-सानने कागदाची घडी घालून तो पाकिटात परत ठेवला. मग बाबांकडे बघत हळूच म्हणाल्या, "पत्रात तुम्ही लिहिलं होतं, पोटच्या मुलीसारखी वाढवली. मला वाटतं, त्या बाईंना तेच मुलीच्या तोंडून ऐकायचं असेल. मी आधी नीट सांगायला हवं होतं. माझी चूक झाली." आणि त्या तातामीवर हात टेकून वाकल्या. बाबांनी हे आईला मराठीत सांगितलं नाही. पण आईचं इंग्रजी बोलण्यापुरतंच कच्चं होतं, ऐकण्यापुरतं नव्हे. ती उठली आणि कुकर लावायला गेली. खरं काय ते देव जाणे. अण्णांच्या पत्राने घात केला असेल, ताईच्या वयाने केला असेल. आईने 'ओन्ली' म्हटलं नसतं तरी निकाल तोच लागला असता, असं मी तिला जन्मभर सांगत आले. तिने एकदाही मान हलवली नाही. आयुष्यभर कागदाला विचारलं नाही, आणि विचारायला नको होतं नेमकं तेव्हाच ती कागदाला घाबरली. तिने हा हिशेब स्वतःशी किती वेळा केला असेल कुणास ठाऊक.

शहाऐंशीव्या दिवशीचं तिकीट होतं. पुण्यात काकांच्या घराजवळच्या वसतिगृहात सोय केली होती. आईने चार दिवस खपून मेतकूट, चटण्या, बेसनाचे लाडू केले, जणू पोरगी पुण्याहून जपानला चाललीय. ताई हसून म्हणालीसुद्धा, "अगं, तिथे मिळतं सगळं," आणि तरी सगळं बॅगेत भरून घेतलं. जायच्या दिवशी सकाळी उठून तिने टब रिकामा केला, सगळी पातेली उपडी घातली, बाटल्या धुऊन कचऱ्याच्या पिशवीत घातल्या, टोपणं वेगळी करून.

विमानतळावर ती बाबांच्या पाया पडली, मग आईच्या. आईने तिला धरून ठेवलं, किती वेळ ते मला सांगता येणार नाही. ताईनेही धरलं, हात पाठीवर ठेवले, थोपटलं, लहान पोराला थोपटतात तसं. मला म्हणाली, "जपानी शीक लवकर. आणि दप्तरात सगळी पुस्तकं कोंबू नकोस, पाठ दुखेल." मग बॅग उचलली आणि तपासणीच्या दारातून आत गेली. काचेपलीकडे तिने पट्ट्यावर बॅग ठेवली, बूट काढले, पुढे सरकली. वळून बघितलं नाही. तोंडही उघडलं नाही. माझी नजर तिच्यावरून क्षणभरही हलली नव्हती, त्यामुळे हे मी शपथेवर सांगू शकते. आई पदराने डोळे पुसत होती. तिने पदर खाली केला तेव्हा दार मिटलेलं होतं.

"मने," ती म्हणाली, "जाताना हाक मारली का गं तिने मला?"

मी म्हणाले, "हो. 'आई, येते' असं म्हणाली."

आईने दोनदा मान हलवली. "मला ऐकूच नाही आलं बघ," ती म्हणाली, "केवढा गोंगाट आहे इथे."

गोंगाट अजिबात नव्हता. ताई अजून आहे, पुण्यात, सुखात आहे, आम्ही ओसाकातच राहिलो; आईच्या शेवटच्या आजारात ती आठवडाभर इथे येऊन तिचं सगळं करून गेली. तेव्हाही तिने हाक मारली नाही. आईने मात्र तिच्यादेखत मला विचारलं, "विमानतळावर म्हणाली होती ना गं?" आणि ताई समोर बसलेली असताना मी परत सांगितलं, हो, म्हणाली होती. ताई खाली मान घालून आईचे पाय चेपत राहिली.